छावणीपलीकडचा माळ, सात नंबरची काठी आणि माझी पोटदुखी

खरं सांगू का? मला गोल्फ शिकायचाच नव्हता. मला फक्त देशपांडे बघवत नव्हता.

देशपांडे म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरचा. वाळूजच्या एकाच कंपनीत, एकाच हुद्द्यावर आम्ही दोघं चौदा वर्षं आहोत. तीन महिन्यांपूर्वी पुण्याहून नवीन साहेब आले. त्यांना गोल्फचा नाद. देशपांडेनं कुठनं तरी एक टोपी पैदा केली आणि दर रविवारी साहेबांबरोबर जायला लागला. सोमवारी कँटीनमध्ये दोघं एका टेबलावर. साहेब म्हणणार, "काल तुमचा तो शेवटचा शॉट सुरेख होता हं." आणि मी पलीकडं वरणात भात कालवत बसणार.

या ब्लॉगवर मी कोकण लिहिलं, लडाख लिहिलं, दोनदा गिरनार लिहिला. या वेळचा मुक्काम घरापासून बारा किलोमीटरवर आहे. तरी लिहितोय, कारण गोल्फ म्हटलं की आपल्याकडं लोक "ते आपलं काम नाय" म्हणून मोकळे होतात. आपलं काम आहे. फक्त माझ्यासारखं जाऊ नका.

शनिवारी सकाळी सहाला पुंडलिकनगरहून निघालो. थंडी कडाक्याची, गाडीच्या काचेवर दव. बायकोला, सुनंदाला, मी सोबत घेतलं ते बॅग धरायला. हे मी तेव्हा तिला असंच सांगितलं होतं. ती म्हणाली, "चला, तेवढंच फिरणं होईल," आणि थर्मासात चहा भरून घेतला. सेव्हन हिल, क्रांती चौक, नगर नाका, सगळं रिकामं. वीस मिनिटांत छावणीत, म्हणजे कँटोन्मेंटात. तिथल्या बाजारात एकच हॉटेल उघडं होतं, तिथं गरम खारी मिळाली. थर्मासातला चहा तसाच ठेवून आम्ही तिथलाच घेतला. तुम्ही गेलात तर खारी तिथंच खाऊन घ्या, पुढं पाण्याशिवाय काही मिळत नाही.

छावणी ओलांडून दौलताबादच्या अंगाला चार-पाच किलोमीटर गेलं की डाव्या हाताला एक कच्चा रस्ता लागतो. तिथं एका शेतमालकानं आपल्या पडीक माळावर सहा होल खणून ठेवलेत. हिरवळ वगैरे विसरा. टीव्हीवर होलच्या भोवती जो गालिचा दिसतो ना, त्या जागी इथं वाळूचा गोल आहे. वाळूत जुनं तेल मिसळून चोपलेलं. त्याला ब्राऊन म्हणतात. आपला खेळ झाला की लोखंडी पाइप ओढून पावलांच्या खुणा पुसायच्या आणि मगच पुढं जायचं, मागून येणाऱ्यासाठी. ही शिस्त मला आवडली.

शिकवायला उस्मानभाई. वय साठीच्या पुढं, काटकुळे, डोक्यावर लोकरी टोपी. तीस वर्षं त्यांनी साहेबलोकांच्या बॅगा वाहिल्या आणि वाहता वाहता खेळ शिकून घेतला. तासाचे अडीचशे घेतात, काठ्या आणि चेंडू त्यांचेच. तेव्हा आधी काही विकत घेऊ नका. मी हातमोजा घेऊन गेलो होतो. चांगला पांढराशुभ्र, डाव्या हातासाठीचा. तो मी उजव्या हातात घातला.

"साब, वो उल्टा है," उस्मानभाई म्हणाले.

नवशिक्याच्या हातात ते सात नंबरची काठी देतात. ना फार लांब, ना फार आखूड. पाय खांद्याएवढे फाकवायचे, गुडघे किंचित सैल, काठी चिमणी धरल्यागत धरायची. "और मुंडी नीचे. गेंद जाने दो, तुम मत जाओ उसके पीछे."

मी मारला. चेंडू जागेवरच होता. काठीबरोबर मूठभर माती गेली. दुसरा मारला, तो सरपटत दहा पावलं गेला. तिसऱ्याला मी काठीच हवेतून फिरवून आणली. प्रत्येक वेळी उस्मानभाई म्हणायचे, "मुंडी उठाए साब. कायकू उठाए?"

कशाला उठवतो ते मला माहीत होतं. कुणी बघतंय का ते बघायला.

अर्ध्या तासानं मी दम खायला बसलो. उस्मानभाईंनी काठी सुनंदापुढं धरली. "भाभी, एक मारके देखो."

"छे, मला कुठं येतंय," म्हणत तिनं पदर खोचला. काठी धरली. खाली बघितलं. आणि काय सांगू, टक्क असा आवाज आला. तो आवाज मी अर्धा तास मागत होतो. चेंडू सरळ गेला आणि लांबच्या दगडाच्या ढिगापाशी पडला. सुनंदा अजून खालीच बघत होती.

"गेला का?" तिनं विचारलं.

"पैले कभी खेले?" उस्मानभाईंचे डोळे मोठे झाले.

"नाय हो. खुरपलंय लहानपणी. खुरपताना वर बघितलं की बोटच कापतं. मान खालीच राहते मग."

उस्मानभाई हसले ते हसले, वर मला म्हणाले, "साब, सुने क्या?"

ऐकलं की. चांगलं ऐकलं. त्यानंतर तिनं वीस चेंडू मारले, त्यातले चौदा उडाले. मोजत मीच होतो. घरी जाताना मी म्हणालो, "तुझी काठी हलकी होती." काठी एकच होती, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. ती थर्मासातला कोमट चहा प्यायली.

रविवारी पुन्हा गेलो. रविवारी तिला नेऊ नये असं माझ्या मनात येऊन गेलं. पण तिथून तसंच पिशोरला, तिच्या माहेरी जायचं ठरलं होतं. त्या दिवशी उस्मानभाईंनी आम्हाला खरे तीन होल खेळायला लावले. पहिल्या होलला मला अकरा फटके लागले, सुनंदाला सात. दुसऱ्या होलपाशी आलो आणि सवयीनं मी पुढं झालो.

"नक्को साब. पिछला जो जीता, पैला मान उसका."

सुनंदा दोन पावलं मागं सरली. "राहू द्या हो. ह्यांना मारू द्या आधी."

सत्तावीस वर्षं ती असंच म्हणत आलीय. आधी ह्यांना वाढा, आधी ह्यांची अंघोळ होऊ दे. मला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. पण उस्मानभाई ऐकेनात. "भाभी, ये खेल का कायदा है. इसमें साब-वाब कुछ नै."

"मार की," मी म्हणालो. हसत म्हणालो, पण दात आवळून.

तिनं पहिला मारला. दुसरा साठेक पावलांवरून. चेंडू उडाला, ब्राऊनच्या कडेला टप्पा खाल्ला, वाळूवरून हळूहळू घरंगळला आणि झेंड्यापासून वीतभर अंतरावर थांबला. उस्मानभाईंनी लोकरी टोपी मागं सारली. मग म्हणाले, "तीस साल में गिनके देखे मैं ऐसे."

माझा चेंडू तेव्हा बाभळीखाली होता.

ती खुशीत चेंडूजवळ पळत गेली. मी मोबाइल काढला आणि फोटो घेतला. झेंडा, होल, चेंडू. ती फोटोत येऊ नये म्हणून तिला बाजूला सरकायला सांगितलं. आणि तो फोटो मी घरच्या ग्रुपवर आणि ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "दुसराच दिवस!" एवढंच. खोटं एक अक्षर नाही लिहिलं. ते आणखी वाईट.

पाइप ओढून मी वाळूवरची तिची पावलं पुसली. शिस्त म्हणून.

हर्सूलवरून फुलंब्रीचा रस्ता धरला तोवर मोबाइल वाजायचा थांबेना. देशपांडेनं टाळ्या पाठवल्या होत्या. किती जळला असेल, या विचारानंच मला गार वाटलं. आणि मग साहेबांचा मेसेज आला: "क्या बात है! पुढच्या रविवारी आमच्याबरोबर या." मी गाडी बाजूला घेऊन तो दोनदा वाचला. सुनंदानंही वाचला. तिनं खिडकीची काच खाली केली आणि बाहेर कापलेल्या मक्याकडं बघत बसली.

रस्ता फुलंब्रीपर्यंत झकास, पुढं मध्येमध्ये काम चालू आहे. दोन तास धरून चाला. पिशोरला पोचलो तर सासरे, आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो, ओसरीवर तीन-चार शेजाऱ्यांना मोबाइल दाखवत बसले होते. फोटो उघडा.

"या पाव्हणं, या! लई भारी मारलं म्हणं! हे बघा, हे आमचं जावई. इतक्या लांबून मारला."

मी "नाही, नाही, तसं काही नाही," म्हणालो. ते लोकांना विनय वाटला. सुनंदा आत निघून गेली. जेवायला भरीत, ठेचा, बाजरीची भाकरी. तीच वाढत होती. माझ्या ताटात भाकरी टाकताना तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

जेवण झाल्यावर मेव्हणा म्हणाला, "दाजी, काठी आणलीय ना गाडीत? दाखवा की एक मारून." उस्मानभाईंनी सरावाला जुनी काठी आणि चार चेंडू दिले होते. झालं, सगळं लटांबर मळ्यात. मका निघालेलं रान, ढेकळं ही एवढाली. मी उभा राहिलो. मान खाली, मान खाली, असं मनात म्हणत होतो, आणि काठी फिरवताना नेमकं दादांच्या तोंडाकडं बघितलं. ढेकूळ उडालं. पुन्हा मारलं, दुसरं ढेकूळ.

"रान तयार करून देताय व्हय पाव्हणं?" दादा म्हणाले आणि सगळे हसले. प्रेमानंच हसले, पण माझे कान तापले. तिसरा चेंडू शेजारच्या अद्रकाच्या रानात गेला.

सुनंदा बांधावर उभी होती. तिनं एक चेंडू मारून दाखवला असता तर तिथंच सगळं उघडं पडलं असतं. मला वाटलं, आता ही येणार आणि काठी मागणार. मी काठी घट्ट धरून ठेवली.

ती म्हणाली, "दादा, ह्याला सपाट जागा लागते. ढेकळांत कुणालाच नाय जमायचं. चला, चहा ठेवते."

मला वाचवलं तिनं. मी तिचा चेंडू चोरला होता, आणि तिनं मला वाचवलं.

परतताना फुलंब्रीला चहाला थांबलो. मी विचारलं, "सांगितलं का नाहीस?"

"काय सांगायचं? दादा चार माणसांना कौतुकानं दाखवत होते. चेंडू माझा होता, मला माहीत होतं." तिनं कप खाली ठेवला. "पण मला राग आला नाय असं समजू नका. लई आला. बाजूला सरक म्हणालात ना फोटो काढताना, तवा आला."

मी चहाचे पैसे दिले आणि गाडी काढली.

रात्री जेवायच्या आधी दादांना फोन लावला आणि सांगून टाकलं. त्यांनी एवढंच विचारलं, "मंग पोरगी का बोलली नाय?" दोन्ही ग्रुपवर लिहिलं, "फोटोतला चेंडू सुनंदाचा आहे. माझा बाभळीखाली सापडला." साहेबांना वेगळा मेसेज केला. देशपांडेनं हसरे चेहरे टाकले, मोजून सहा. टाकू दे.

घरात पाय ठेवून आता दोन दिवस झाले. खांदे दुखतायत, तळहाताला फोड आलाय. नवीन कुणी जाणार असेल तर माझं एवढंच ऐका: जुने बूट चालतात, हातमोजा डाव्या हातात घाला आणि मान खाली ठेवा. माझी हेवा करायची खोड गेली का, असं कुणी विचारेल. नाही गेली. आधी देशपांडे होता, आता घरातच आहे. रोज समोर बसून भाजी निवडते.

आज साहेबांचं उत्तर आलं. "अरे वा! मग वहिनींना नक्की आणा रविवारी." मी कुठं आहे का म्हणून ते वाक्य चारदा वाचलं. नव्हतो.

सुनंदाला दाखवलं. ती वाचून म्हणाली, "नको बाई. साहेबांसमोर मला नाय जमायचं."

आणि मला बरं वाटलं. अगदी आतून बरं वाटलं, एका सेकंदापुरतं. त्या सेकंदाची मला फोटोपेक्षा जास्त लाज वाटली.

"चल," मी म्हणालो. "बॅग मी धरतो. पहिला तू मारायचा."

तिनं मेथीची जुडी खाली ठेवली आणि माझ्याकडं नीट बघितलं. "मनापासून म्हणताय का?"

"नाय," मी म्हणालो. "पण चल."

ती हसली. "मग येते."