मटक्याला कोणाचा पाय लागला

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही. दोन पेग पोटात गेल्यावर माणसं काय काय ओकून टाकतात — मी तेव्हाही हे दाबून धरलं. मग तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखत असतात तर नसतं सांगितलं. तेवढी हिंमत माझ्यात कधीच नव्हती.

आधी लोक मला काय समजतात ते ऐका. आमच्या सेक्टरातल्या मराठी घरांमध्ये मी 'मोकळ्या मनाचा माणूस' म्हणून प्रसिद्ध. जातपात न मानणारा. गणपतीत स्टेजवर चढून मी त्यावर बोलायचो आणि टाळ्या घ्यायचो. "भिलाईत सगळ्यांचे क्वार्टर सारखे, सगळ्यांचा भोंगा एक!" — हे माझं पेटंट वाक्य होतं. काय वाक्य! ते म्हणताना माझा गळा थोडा दाटूनही यायचा. कसा येत असेल हो? आज विचार केला की त्या दाटलेल्या गळ्याचीच मला जास्त किळस येते.

सुधाकर चंद्रपूरकडचा, बौद्ध घरातला. मी वर्ध्याकडचा — घरात सोवळं-ओवळं, वडील शाळामास्तर. आम्ही दोघं एकाच वेळी भिलाईच्या स्टील प्लांटात लागलो, एकाच रोलिंग मिलमध्ये, ज्युनिअर इंजिनिअर म्हणून. हॉस्टेलात खोल्या लागून. त्याची स्कूटर होती, माझी नव्हती. शिफ्टला मी त्याच्या मागे बसून जायचो, त्याच्या खांद्यावर हात ठेवून. खांदा चालायचा मला. त्याचा डबा चालायचा नाही. "आज ॲसिडिटी आहे रे" — वर्षानुवर्षं मला ॲसिडिटी होती. त्याचं लग्न झालं, माझं झालं, आणि त्याच्या बायकोच्या हातची वांग्याची भाजी समोर आली की माझं पोट बिघडायचं. तो हसायचा. "तुझं पोट एकदा डॉक्टरले दाखव बे," म्हणायचा.

त्याला कळत नव्हतं असं मी धरून चाललो होतो. आमच्यासारख्यांना असंच वाटतं — आपला घाणेरडेपणा फार बारीक आहे, दुसऱ्याला तो दिसायचा नाही.

एका वर्षी मे महिन्यात आम्हा चौघांना एकत्र सुट्टी लागली आणि विनायकनं शिवनाथ नदीवर मासे धरायला जायचं काढलं. वरच्या गावातून डोंगा, म्हणजे लाकडी होडी, घ्यायचा, प्रवाहाबरोबर हळूहळू सोडायचा, जाता जाता गळ टाकायचे आणि संध्याकाळी पुलापाशी उतरायचं. विनायक आमच्याच खात्यातला. पांढरी हॅट घालून आला होता, जणू फोटो काढायला कोणी येणार होतं. चौथा मिश्रा. घरी कांदासुद्धा न खाणारा, आणि नदीवर आला की "आज सब चलेगा" म्हणणारा. आणि मी. अशी ही रत्नं! खरा मासेमारीतला एकटा सुधाकर होता. लहानपणी वर्धा नदीवर गळ टाकत वाढलेला.

पाण्याचा मटका माझ्या घरचा होता. ओल्या पोत्यात गुंडाळून मीच आणला, डोंग्याच्या मधोमध चिंधीच्या चुंबळीवर बसवला. वर ताटली, ताटलीवर एक ग्लास.

सकाळ चांगली गेली. पाणी संथ, काठाला झाडं वाकलेली. मी पहिला ग्लास प्यालो. मग विनायकनं ग्लास मटक्यात बुडवला. बोटांना गांडुळांचा चिखल होता, तो तसाच पाण्यात. त्याच्यानंतर मी पुन्हा प्यालोसुद्धा. मग सुधाकरनं घेतलं. तसंच, बोटं पाण्याला टेकवून.

आणि माझ्यासाठी तो मटका संपला.

तुम्ही म्हणाल, एवढंच? हो, एवढंच. शिकलेला, पगारदार, स्टेजवर गळा दाटून येणारा माणूस — आणि मला त्या पाण्याकडे बघवेना. ऊन चढत होतं. जीभ टाळूला चिकटत होती. मिश्रा म्हणाला, "अरे यार, पानी तो पी ले." मी म्हणालो, तहान नाही. सुधाकरनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा गळाच्या दोरीकडे बघू लागला.

मला वाटत राहिलं — हा मटका नसता तर? सगळ्यांनाच पाणी नसतं तर मला एकट्याला नाही म्हणावं लागलं नसतं. इतकं साधं गणित. असली गणितं मला फार लवकर सुटायची.

तेवढ्यात सुधाकरच्या गळाला मासा लागला. मोठी मरळ असावी, काठी कमान झाली. "धरून राहा, धरून राहा!" विनायक ओरडला. सगळे एका बाजूला वाकले, डोंगा कलला, आणि मी पाय लांब केला. टाचेनं मटका ढकलला. तो चुंबळीवरून घरंगळला आणि फळीवर आपटून फुटला.

चुकून नाही. डोंगा कलला म्हणून नाही. मी ढकलला.

आणि कोणी मागे वळून बघायच्या आत मीच ओरडलो, "सुधाकर, पाय सांभाळ ना बे!"

तो दचकला. मटका फुटलाय हे कळायच्या आत तो वाचवायला म्हणून त्यानं काठीच सोडली. मासा गेला, काठीही गेली. डोंग्यात पाणी आणि खापऱ्या. त्यानं आपल्या पायाकडे पाहिलं.

"माझा लागला काय?"

"मंग कोणाचा लागन?" मी म्हणालो.

"पानी भी गया, मछली भी गई," मिश्रा हसला. विनायकनं हॅट काढून कपाळ पुसलं आणि म्हणाला, "ह्यायले कुठी न्यायची सोय नाही." ह्यायले — म्हणजे ह्या लोकांना. अनेकवचन. सुधाकर एकटाच बसला होता समोर. मी ऐकलं आणि मी हसलो. बारीकसं, पण हसलो.

दुपारी वारा पडला. डोंगा एका वाळूच्या पट्ट्याला टेकला. पूल अजून लांब होता. डोहात म्हशी बसलेल्या, पाण्यावर हिरवी साय, ते प्यायची कोणाची तयारी नव्हती. विनायक सारखा मटक्याबद्दल बोलत होता. शेवटी सुधाकर उठला.

"मी आणतो. थे गाव दिसून राह्यलं ना, तिथं हेंडपंप असनच. माझ्यानंच सांडलं."

मी म्हणू शकत होतो, थांब. म्हणू शकत होतो, मी येतो सोबत. मी माझा रिकामा डबा त्याच्या हातात दिला. त्यानं डोक्याला गमछा बांधला, दुसऱ्या हातात स्वतःचा डबा घेतला आणि त्या तापलेल्या वाळूतून निघाला. आम्ही झाडाखाली पत्ते मांडले. मध्येच विनायक म्हणाला, "लय वेळ लावून राह्यला." मी म्हणालो, "गप्पा मारत बसला असन कोणाशी." आणि पान टाकलं.

तो आला तेव्हा चालताना लटपटत होता. गमछा खांद्यावर घसरला होता. चेहरा लालभडक आणि अगदी कोरडा — घामाचा थेंब नाही. गावातला पंप बिघडलेला, म्हणून तो पुढच्या पाड्यावर गेला होता. त्यानं आपला डबा त्या दोघांपुढे ठेवला. मग माझ्याजवळ आला, माझा डबा माझ्या हातात दिला. त्याची जीभ जड झाली होती.

"घे. सकाळपासून पेला नाही तू." मग म्हणाला, "झाकण पंपावरच लावलं. आतमंदी हात नाही लागला माझा."

मी काय केलं सांगू? प्यालो. गटागटा प्यालो, डबा रिकामा होईपर्यंत. प्यायचं थांबवलं तेव्हा तो वाळूत बसला होता आणि नागपूरच्या कुठल्याशा बसबद्दल काहीतरी बरळत होता. मग आडवा झाला.

ऊन लागलं होतं. गावातली बैलगाडी, मग रस्त्यावर एक ट्रक, मग दवाखाना. वाचला. पण चालीत झोल राहिला, बोलताना शब्द अडखळायला लागले. असा माणूस मिलच्या फ्लोरवर कोण ठेवणार? त्याला टेबलावर बसवलं. बढतीत त्याची पाळी होती त्या फोरमनच्या जागेवर मी गेलो. मी पेढे वाटले.

पण ज्याच्यासाठी हे सगळं सांगायला बसलो, ते दवाखान्यातलं आहे. तो शुद्धीवर आल्यावर मी भेटायला गेलो. त्याची बायको उशाशी बसली होती. तिनं मला स्टूल दिलं आणि विचारलं, "भाऊजी, चौघंजण गेले होते तुमी. पाणी नव्हतं नेलं का जी?"

इथे कोणी ओरडत नव्हतं, डोंगा कलत नव्हता. विचार करायला वेळ होता. त्याची बायको माझ्याकडे बघत होती, तोही बघत होता.

"नेलं होतं ना, वहिनी," मी म्हणालो. "पण ह्याचा पाय लागला मटक्याला."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. मग तो बायकोकडे वळला आणि एकेक शब्द जुळवत म्हणाला, "हाव. माझाच लागला. त्यायचा काही दोष नाही."

त्यायचा.

इतक्या वर्षांत त्यानं मला कधी असं आदरानं म्हटलं नव्हतं. त्यानंतर मात्र कायम तसंच — 'तुमी', 'साहेब', 'बसा ना जी'. रिटायर होईपर्यंत, लोकांसमोर आणि एकट्यातही. परत कधी त्याच्या तोंडून 'बे' आलं नाही.

आणि मला ते आवडायचं.