टाच बसल्याचा आवाज

समजा, तुमच्या पायात घोट्याच्या वर येणारे जड बूट आहेत, समोर बर्फाचा उतार आहे आणि स्नोबोर्डची फळी पायाला जखडायची आहे. बर्फात बसा, हातमोजे काढा, वाका, दोन पट्टे ओढून आवळा. पँट ओली होते, मागची रांग कुरकुरते. वाकता येत नसेल, तर कुणीतरी पायाशी बसून पट्टे आवळायला हवं.

अंधेरीच्या एका मॉलमधल्या बर्फघरात सहा वर्षं हे काम मथुरामावशी करत होत्या. मी तिथली कूलिंगची मशिनं सांभाळतो. मावशी वेसाव्याच्या कोळीवाड्यातल्या. नवरा गेल्यापासून घरात एकट्या; मुलगा दिपेश मस्कतला, रविवारी फोन करतो. पट्टे आवळताना समोरचा माणूस त्यांच्या खांद्यावर हात ठेवायचा. एकदा डबा खाताना त्या म्हणाल्या होत्या की दिवसभरात माणसाचा हात लागतो तो तेवढाच.

एप्रिलमध्ये नव्या बायंडिंगचे, म्हणजे बूट फळीला धरून ठेवणाऱ्या पकडींचे, दहा जोड आले. यात पट्टेच नाहीत. उभ्याउभ्या टाच मागे सरकवायची, चवडा दाबायचा, खट असा आवाज येतो आणि बूट फळीला धरला जातो. मॅनेजर राजेशसरांनी मावशींनाच फायदे-तोटे लिहून द्यायला सांगितले. चांगलं ठरलं तर सगळे पट्टे काढणार आणि मावशींना बुटांच्या खिडकीमागे बसवणार होते. निदान गुडघे तरी वाचतील, असं सर म्हणाले.

पहिला तोटा त्याच दिवशी सापडला. या बायंडिंगला त्याचेच बूट लागतात, आणि रुंद पावलाचे लोक तसेच परत जात होते. दुसरा तोटा निधीमुळे कळला. निधी तिथली शिकवणारी मुलगी. फळी जोडून ती निघालीच होती.

"थांब गं. टाच उचलून बघ."

"आवाज आला ना मावशी, सोड आता."

"आवाज आला म्हणजे टाच बसली असं नाही. उचल."

टाच अलगद वर आली. बुटाच्या तळाला बर्फ दगडासारखा चिकटला होता. मावशींची आई मासे विकायची. पाटीतला बर्फ वितळून पुन्हा घट्ट झाला की किती चिवट होतो, ते त्यांना लहानपणापासून माहीत होतं. त्यांनी डब्यातल्या चमच्याच्या दांड्याने तळ खरवडला, मग टाच बसली. मला वाटलं, पट्टे राखायला एवढं कारण पुरेसं आहे.

त्याच दुपारी मुलुंडचे चंद्रप्रकाश आले. वय अडुसष्ट, पाठीचं ऑपरेशन झालेलं, दर महिन्याला नातवांना घेऊन येणारे. उभ्याउभ्या पाय अडकवून ते स्वतःच उतरून गेले आणि परत आले ते खुशीत.

"मथुराताई, हे झकास आहे. तुम्ही पायाशी बसायचात ना, मला फार कसंतरी व्हायचं. हात कुठं ठेवू, तेच कळायचं नाही."

मावशी हसल्या. बरं झालं ना मग, म्हणाल्या आणि पुढच्या माणसाकडे वळल्या.

शुक्रवारी त्यांनी कागद दिला. बसावं लागत नाही, वाकावं लागत नाही, हातमोजे काढावे लागत नाहीत, रांग निम्म्या वेळात सरते. उलट बूट ठरावीकच लागतात, पट्ट्यासारखं हवं तेवढं सैल-घट्ट करता येत नाही, तळाला बर्फ अडकतो, म्हणून दर वेळी टाच उचलून बघावी आणि उतारापाशी एक चमचा दोरीने बांधून ठेवावा. सगळ्यात खाली लिहिलं होतं, नवीन घ्या.

आता मावशी खिडकीमागे असतात. लोक टोकन आत सरकवतात, त्या बूट बाहेर सरकवतात. परवा मी डबा घेऊन तिथं बसलो होतो. त्यांनी एक जोड बाहेर सरकवला. मग म्हणाल्या,

"त्या मुलुंडच्या काकांचं सोड. पण बाकीचे सगळे, सहा वर्षं... खांद्यावरचे ते हात फक्त तोल जाऊ नये म्हणूनच होते का रे?"