पेट्रोल संपेपर्यंत

आमच्या हॉलमध्ये सोफ्याच्या जागी दोन वर्षं विमान होतं. सोफा बाल्कनीत गेला. विमानाचे पंख जोडले की या टोकापासून त्या टोकापर्यंत आठ फूट, आणि वजन आठवड्याच्या दळणाएवढं. मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. पंखावरून हवा कशी जाते ते फळ्यावर काढून काढून हात दुखला होता. एकदा तरी ते खरं करून बघायचं, असं मनात बसलं होतं. नवऱ्याचं म्हणणं एवढंच, की चालायला वाट ठेव. सासूबाईंचं म्हणणं बरंच लांब होतं. या वयाला बायका भिशी लावतात, आमची सून लाकडं तासते, असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. मीही ऐकून घेणाऱ्यातली नाही. आमची जुंपली की नवरा पेपर घेऊन बाल्कनीतल्या सोफ्यावर जाऊन बसायचा.

इंजिन धाकट्या दिराने दिलं. तो करकंबला शेती करतो. त्याच्या गवत कापायच्या मशीनचा दांडा मोडला होता, पण इंजिन ठणठणीत होतं. मी ते उघडलं, धुतलं, विमानाच्या नाकावर चार बोल्टांनी बसवलं. वेग कमीजास्त करायचा बारकासा लिव्हर रिमोटने हलेल अशी सोय केली. राहिलं इंजिन बंद करायचं बटण. तेही रिमोटवर आणायला हवं होतं. पण पुन्हा एक पार्ट मागवा, पुन्हा कुरियरची वाट बघा, याचा कंटाळा आला. बटण विमानाच्या पोटावरच ठेवलं आणि पुढच्या वेळी बघू म्हटलं. हा आळस माझाच, दुसऱ्या कुणाचा नाही.

खंडेनवमीला मी पक्कड, ड्रिल, स्क्रू ड्रायव्हर पाटावर मांडले. सासूबाई ताम्हण घेऊन आल्या आणि ह्याला का वगळलंस म्हणून त्यांनी विमानाकडे बोट केलं. दोन वर्षांत त्यांनी त्याला हात लावला नव्हता. आज त्यांनी त्याच्या नाकाला हळदकुंकू लावलं आणि चांगल्या मूठभर अक्षता इंजिनावर सोडल्या. इंजिनावरचं झाकण तेव्हा उघडंच होतं. मला इतकं बरं वाटलं, की माझ्या ते लक्षातही आलं नाही. पुजलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नसतो. दसऱ्याला सकाळी घाईघाईत वरवर फुंकर मारली, झाकण बसवलं आणि सगळे करकंबला निघालो.

दिराचं एक रान नुकतंच नांगरलेलं होतं. त्याच्या कडेची गाडीवाट त्याने माझ्यासाठी सारखी करून ठेवली होती. पलीकडे त्याचा ऊस, अलीकडे शेजाऱ्याचा झेंडू. झेंडूत सात-आठ बायका उरलीसुरली फुलं तोडत होत्या. सासूबाई बांधावर खुर्ची टाकून बसल्या.

इंजिन दुसऱ्या झटक्याला लागलं. विमान वाटेवरून धावलं आणि अलगद उचललं गेलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते लपवायलाही मी विसरले. दोन फेऱ्या झाल्यावर मी वेग कमी केला. आवाज होता तसाच राहिला. पुन्हा केला, तरी तोच. इंजिन पुऱ्या जोरावर अडकलं होतं आणि बंद करायचं बटण माझ्यापासून दोनशे फूट वर होतं.

नवऱ्याने पेट्रोल किती आहे विचारलं. टाकी मी हौसेने काठोकाठ भरली होती. मुद्दाम पाडावं, तर भरल्या टाकीचा भडका उडून शेजारच्या उसाच्या वाळल्या पाचटाला आग लागायची. म्हणजे पेट्रोल संपेपर्यंत ते नांगरटीवर फिरवत ठेवायचं, आणि संपेल तेव्हा ते खाली कुणी नसेल अशा जागी असायला हवं. दीर बायकांना हटवायला धावला. बायका हटल्या, पण बघायला थेट बांधावर सासूबाईंच्या खुर्चीपाशी येऊन उभ्या राहिल्या. त्यातल्या एकीच्या डोक्यावर हे कोसळलं, तर मी पुन्हा फळ्यापुढे उभी राहू शकले नसते.

मान वर ठेवूनच मी ओरडले, "आई, सगळ्यांना घेऊन गाडीमागं जा."

"त्यांना लावून देते. मी हाय हितंच," सासूबाई म्हणाल्या. "तू वर बघ."

मी वर बघत राहिले. डावीकडे, डावीकडे, परत डावीकडे. मान आखडली, अंगठे ओले झाले. नवरा पंधरा मिनिटं गेली म्हणतो, मला तो अख्खा तास वाटला. मग इंजिन एकदा खोकलं आणि बंद पडलं. एवढी शांतता मला आयुष्यात कधी आवडली नव्हती. विमान हळूहळू खाली आलं, नांगरटीत दोनदा आपटलं आणि थांबलं. एक चाक आणि नाकावरचा पंखा मोडला, बाकी सगळं शाबूत. मी तिथेच ढेकळांत बसले आणि हसत सुटले. नवराही शेजारी येऊन बसला. नव्या पँटची त्याने पर्वा केली नाही.

झाकण काढलं, तर लिव्हरच्या फटीत तांदळाचा एक दाणा रुतलेला. कुंकवाने लाल. मी तो नखाने काढला, तेवढ्यात सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या.

"अक्षता टाकल्या व्हत्या, म्हणून निभावलं बघ," त्या म्हणाल्या.

उत्तर अगदी जिभेवर होतं. पण पंधरा मिनिटं खुर्चीवरून न हललेली ही बाई. मी मूठ मिटली आणि म्हटलं, "खरंय, आई."

यंदा बटण रिमोटवर आहे. खंडेनवमीला मी गुपचूप इंजिनाच्या फटींवर चिकटपट्टी लावून ठेवली आणि सासूबाईंना हाक मारली. त्या ताम्हण घेऊन आल्या. त्यात हळदकुंकू होतं आणि झेंडूची फुलं. अक्षता नव्हत्या. विसरल्या असतील म्हणून मी तांदूळ आणायला उठले.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "मागल्या दसऱ्याला तू मूठ झाकलीस, तवाच कळलं मला."

येणाऱ्याजाणाऱ्याला सगळं सांगणाऱ्या सासूबाईंनी हे वर्षभर पोटात ठेवलं होतं. त्यांनी विमानाच्या नाकावर एक फूल ठेवलं. मी खाली वाकून चिकटपट्टी काढून टाकली.