जावयाच्या हातचा चहा

वेलदोड्याच्या चहाचा वास आला की मला अनगोळमधलं ते विकाऊ घर आठवतं. थोरल्या भावाला घेऊन मी ते बघायला निपाणीहून आले होते. दाखवणारा एजंट आमच्या आत्याचाच जावई. भिंतींना नुकताच रंग दिलेला, खिडक्या मात्र घट्ट बंद. ओल कुठं येते असं मी विचारलं, तर तो हसत आत गेला आणि मालकाच्या स्वयंपाकघरातून चहाचा ट्रे घेऊन आला. मी कपाला हात लावला नाही. "दाजी, तुम्ही कुणाकडनं बोलताय?" "दोघांकडनं बी. आपलंच घर समजा." "मला निव्वळ माझ्याकडनं बोलणारा एजंट पाहिजे," म्हणून मी उठले. रस्त्यावर भाऊ तडकला, "घरचा माणूस सोडून परका धरतीस व्हय गं?" मी म्हटलं, "उद्या भिंत गळली तर जावयाला जाब कोण इचारणार, तू?" मग मी फक्त घेणाऱ्यांसाठी काम करणारी एक बाई धरली. पहिल्याच घरात तिनं मालकाला सगळ्या खिडक्या उघडायला लावल्या. पै-पाहुण्यांत मी लई शहाणी ठरले, ठरू दे. परवा दाजी माझ्या घरी आले, सवयीनं स्वयंपाकघराकडे वळले. मी म्हटलं, "बसा, इथं चहा मी देते."