आठ तास

मुलुंडला आमची सोसायटी आहे तिथे पूर्वी कारखाना होता. दर कामगार दिनाला त्या कारखान्यातली एक म्हातारी कामगारीण सकाळीच येऊन गेटपाशी लाल झेंडा लावते. आधी पदराने काठी पुसते. तिचं नाव कुणालाच माहीत नाही.

यंदा मी दूध घेऊन येत होतो, तेव्हा नवा वॉचमन तिला अडवत होता.

"आजी, इथे नाही लावायचा."

"तुझी ड्युटी किती तास रे?"

"बारा."

ती पदराने काठी पुसू लागली.

"माझ्या सासऱ्यांनी लाठ्या खाऊन आठ तास मिळवले. आम्ही ते घालवले, बाबा. आता तुम्हाला परत मिळवायला लागतील."

ती सगळी हार तिने स्वतःवर घेतली, याचंच मला वाईट वाटलं. वॉचमनने आजूबाजूला पाहिलं आणि काठी सरळ धरली. तिच्या हातांना झेंड्याची गाठ जमेना. सोडून ती पुन्हा बांधत राहिली.