ऐकायलासुद्धा जात लागते

सरांनी माझ्या ओढणीवरचा बिल्ला सगळ्या वर्गासमोर काढला. पिन अडकली होती. त्यांनी ओढली. ओढणी फाटली.

गोल बिल्ला. त्यावर लिहिलेलं, 'मनमित्र'. आदल्या वर्षी शाळेतल्या एका पोरानं जीव दिला होता, म्हणून बाहेरून एक मॅडम प्रशिक्षण द्यायला आल्या होत्या. कुणी गप्प गप्प राहू लागलं, जेवेना, आवडीच्या वस्तू वाटून टाकू लागलं, तर जवळ बसायचं. उपदेश नाही करायचा. मरायचा विचार येतो का, ते सरळ विचारायचं. आणि एकटं न सोडता मोठ्या माणसाला सांगायचं. दहावीतून त्यांनी मला निवडलं. म्हणाल्या, "तू नीट ऐकतेस." शाळेनं मला पहिल्यांदा काहीतरी दिलं होतं, जे सवलतीतलं नव्हतं.

सर म्हणाले, "पालकांचे फोन येतायत. त्यांच्या मुली घरातली दुःखं तुम्हा लोकांना सांगणार नाहीत. समजून घे."

तुम्हा लोकांना. सगळ्या वर्गाला समजलं. मागं कुणीतरी हसलं. सरांनी तो बिल्ला दुसऱ्या पोरीला लावला. तिला तो नको होता. ती खाली बघत राहिली.

मुकुंदवाडीला घरी आले. आई म्हणाली, "दहावी होऊ दे. तवर गप ऱ्हा, बाई." आईनं आयुष्यभर हेच केलं होतं.

माझ्या बाकावर प्राजक्ता बसायची. लासूर स्टेशनकडची, चांगल्या जमिनीवाल्या घरातली. शिकायला पुंडलिकनगरात मामाकडं राहायची. हुशार. चित्रं सुरेख काढायची. तिनं डबा उघडणं सोडलं होतं. एक दिवस रंगांची पेटी माझ्यापुढं सरकवली.

"ठेव तुला. मला नाय लागणार आता."

बिल्ला गेला होता, कान गेले नव्हते. मी विचारलं, "प्राजू, मरायचा विचार येतो का तुझ्या मनात?"

ती लई रडली. मग म्हणाली, "व्हय. कुणी विचारलंच नव्हतं."

पुढं तिनं जे सांगितलं ते मी इथं सांगणार नाही. ते तिचं आहे.

तिचा हात धरून मी स्टाफरूमला गेले. ती दाराशी थांबली. सर चहा पीत होते. मी म्हणाले, "सर, प्राजक्ताला आजच्या आज डॉक्टरकडं न्यायला पाहिजे. ती जिवाचं बरंवाईट करील."

"ते काम तुझ्याकडून काढून घेतलंय ना? मोठ्या घरची पोर आहे. तिची बदनामी करतेस?"

मग त्यांनी तिच्या मामाला फोन केला. तिच्याबद्दल नाही. माझ्याबद्दल. दुसऱ्या दिवशी माझा बाक बदलला. भिंतीकडचा, शेवटचा.

सरांना सांगितलं, त्याच संध्याकाळी मी आईला घेऊन मामाच्या घरी गेले. फाटकाच्या आत घेतलं नाही. मामी म्हणाली, "आमचं आम्ही बघून घेऊ."

नाही बघितलं. दिवाळीच्या आधी प्राजक्ता गेली.

शोकसभेत सर बोलायला उभे राहिले. "हुशार मुलगी. पण मनानं कमकुवत. कुणाला काही बोलली नाही बिचारी."

मी उठले.

"बोलली, सर. मला बोलली. मी तुम्हाला सांगितलं. ती तुमच्या दारातच उभी होती."

"खाली बस."

"नाही बसणार."

"बाहेर हो."

"होते. पण ती बोलली नाही, असं परत म्हणू नका."

हॉलमधून एकटी चालत बाहेर आले. मागून कुणी आलं नाही.

काही बदललं नाही. सर तिथंच आहेत. तिच्या घरच्यांनी आम्हालाच शिव्या घातल्या. आई आता मला गप ऱ्हा म्हणत नाही. एवढंच.

आता मी कॉलेजला आहे. मनमित्राचं मोठ्यांसाठीचं प्रशिक्षण पुरं केलं. रविवारी वस्तीतल्या विहारात बायांना, पोरांना शिकवते. येतात थोडी. कधी कुणीच येत नाही. माणूस एका कारणानं जीव देत नाही, हे मी शिकलेय. प्राजक्ता वाचलीच असती, असं मी म्हणत नाही. पण तिला वाचवायची संधी होती. ती त्यांनी जात बघून फेकून दिली.

यंदा शाळेत जाऊन म्हणाले, मी फुकट शिकवते, पण आधी शिक्षकांना. सर हसले. "आमच्याकडं आता तशी काही अडचण नाही."

म्हणून शाळा सुटायच्या वेळी मी बाहेर रस्त्यावर उभी राहते. वॉचमन हाकलतो. मी हटत नाही. पोरं ओळखायला लागलीत. पोरगं कुठल्याही घरचं असू दे, मी ऐकणार. त्याचं गुपित माझ्यापाशी राहील. पण जीव धोक्यात असला, तर मी कुणाची परवानगी मागणार नाही. मीच हात धरून दवाखान्यात नेणार. त्यात घराची अब्रू गेली तर जाऊ दे. शाळेचं नाव गेलं तर जाऊ दे.

पोर जाऊ देणार नाही.