ओटीवरची लाट

फळ्यावर साइनचा आलेख काढताना मी आजही मनातल्या मनात चाचांना सलाम करते. ते मांडवीतले आमचे शेजारी, जहाजावरून निवृत्त झालेले. ओटीवर वाळूचा कण त्यांना खपत नसे. "पाय धू गो आधी!" हेच त्यांचं स्वागत.

बारावीत हे आलेख डोक्यात शिरेनात, म्हणून मी रडकुंडीला आले होते. चाचांनी झोपाळ्याखाली वाळूची पुरचुंडी बांधली, तिला भोक पाडलं आणि खाली जुनी चादर अंथरली.

"मी झोका देतो. तू चादर आडवी ओढ, सावकाश."

चादरीवर वाळूची लाट उमटत गेली.

"हाच तुझा साइन. झोका मोठा, तर लाट उंच."

परीक्षा संपेपर्यंत चादर ओटीवरच राहिली. आल्यागेल्यावर चाचा ओरडायचे, "वाळूला पाय लावू नका रे, पोरीची आहे ती!"